रिकाम्या हातानं आलेली पाहुणी

जनावरं एकमेकांच्या घरी पाहुणी म्हणून जायची, त्या काळातली ही गोष्ट. गाय व्याली, म्हणून घरोघर वाटायला खरवस झाला. गबाजी बोक्यानं तो एकट्यानंच चाटूनपुसून साफ केला. दुपारपर्यंत त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि तो ओसरीवर कण्हत पडला.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, अशी तिथली रीत. म्हशीनं वाटीभर साय आणली, कुत्र्यानं चरबीचं हाड आणलं. "एवढ्या प्रेमानं आणलंय, नाही कसं म्हणायचं?" असं म्हणत गबाजी कण्हत कण्हत खात राहिला. शेवटी त्याला उलट्या सुरू झाल्या.

मग तानूआत्या शेळी आली. तिनं काहीच आणलं नव्हतं. 'काय चिकट बाई आहे!' गबाजीच्या मनात आलं. आत्यानं दारातच ठाण मांडलं. कोंबडी अंडं घेऊन आली, तिला शिंगं दाखवून परत पाठवलं.

"आत्या, निदान वास तरी घेऊ द्यायचा होता!"

"घोटभर पाणी पी आणि गप पड."

गबाजी रुसून उपाशी झोपला. सकाळी उठला तेव्हा पोट हलकं झालं होतं.

पुढं सुगीत तानूआत्यानंच ज्वारीच्या राशीवर ताव मारला आणि आडवी झाली. गबाजी धावत गेला आणि तिच्या दारात ठाण मांडून बसला. आत्यानं एक डोळा उघडला, त्याच्या पंजांकडं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"मेल्या, रिकाम्या हातानं आलास?"