टाचेने झिजवलेले रबर

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनातल्या मनात रुसला. गुरू म्हणजे कोणी आश्रमातले ऋषी नव्हेत. तालुक्याच्या गावी मोटारसायकली दुरुस्त करणारे वृद्ध मिस्त्री. सारे त्यांना वस्ताद म्हणत. शिष्याने त्यांच्या हाताखाली नऊ वर्षे काढली होती. आता त्याला शेजारच्या गावी स्वतःचे गॅरेज थाटायचे होते. गाळा ठरला होता, दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. पण वस्तादांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय जायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते, आणि वस्ताद दर वेळी एवढेच म्हणत, "अजून थोडं राहिलंय."

त्यात आणखी एक सल होता. गुरुदक्षिणा म्हणून त्याने वस्तादांना जाड गादीची, हातांची, उंच लाकडी खुर्ची आणली होती. वस्तादांनी तिच्यावरून मायेने हात फिरवला आणि ते पुन्हा आपल्या जुन्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसले. महिना झाला तरी खुर्चीवरचा प्लॅस्टिकचा कागद निघाला नव्हता. प्रेमाने दिलेली वस्तू अशी कोपऱ्यात पडली की देणाऱ्याला ती दिवसातून दहादा दिसते.

अशात एके सकाळी मसाल्याचा एक व्यापारी लंगडत आला. मोटारसायकलवर पोती बांधून तो आठवड्याचे सहा बाजार करी. गुडघे दुखतात म्हणून आठच दिवसांपूर्वी त्याने शिष्याकडून पाय ठेवायचे फूटरेस्ट बदलून घेतले होते.

"पोरा, दुखणं होतं तिथंच आहे," तो म्हणाला. "आता गाडी विकतो झालं. लांबचे तीन बाजार गेले म्हणायचे."

शिष्याचा चेहरा उतरला. "काका, दुकानातले सगळ्यात रुंद, सगळ्यात भारी फूटरेस्ट घातलेत. मी स्वतः बसून नदीपर्यंत चक्कर मारली. मला तर पालखीत बसल्यासारखं वाटलं!"

त्याने घाईघाईने आणखी तीन नव्या जोड्या आणून वस्तादांपुढे मांडल्या. "वस्ताद, यातली कुठली बसवू? तुम्हीच निवडा."

वस्तादांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते उठले, मागच्या अंगणात गेले, भंगाराचे पिंप त्यांनी आडवे केले आणि धुवट सदऱ्यानिशी त्या ढिगात बसून उकरू लागले. अर्धा तास गेला. गिऱ्हाईक ताटकळलेले, आणि गुरुजी भंगारात! शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"वस्ताद, निवडायचंय नव्यातलं. तुम्ही भंगारात काय शोधताय?"

वस्ताद उकरतच राहिले. शेवटी व्यापाऱ्याच्या गाडीचे काढून टाकलेले जुने फूटरेस्ट सापडले. वस्तादांनी ते रॉकेलने पुसले आणि शिष्याच्या तळहातावर ठेवले.

"काय दिसतं?"

"झिजलेलं रबर."

"कुठं झिजलंय?"

शिष्याने प्रथमच नीट पाहिले. पुढची कड घासून गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर टाचेची खोबण पडली होती. मागच्या कडेच्या रेघा मात्र कोऱ्या करकरीत होत्या.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "पोती मागं बांधली, की हा माणूस टाकीकडं सरकतो. गुडघे दुमडतात. मग पाय बिचारे जागा शोधतात, पुढं आणि खाली. कितीतरी दिवस शोधतायत. कसा फूटरेस्ट हवा, ते त्यांनी इथं सांगून ठेवलं होतं आणि तू ते पिंपात टाकलंस. तुझ्या कामात खोट नव्हती रे. फक्त ते तुझ्या गुडघ्यांसाठी झालं होतं, आणि तेही पोत्यांशिवाय."

शिष्याने तिन्हींतली सर्वांत साधी जोडी उचलली. लोखंडी पट्टी लावून ती दोन बोटे खाली, दोन बोटे पुढे बसवली. ब्रेक आणि गिअरही त्या मापाने सरकवले. मग पोती बांधून व्यापाऱ्यालाच बसवले. तो नदीपर्यंत गेला, परत आला आणि गाडीवरून न उतरताच म्हणाला, "येतो मी. मंगळवारचा बाजार गाठायचाय."

तो गेल्यावर वस्ताद जेवायला घरी गेले. शिष्याने ते जुने रबर पुन्हा उचलून खोबणीवरून अंगठा फिरवला. मग त्याची नजर वस्तादांच्या रिकाम्या स्टुलाकडे गेली. स्टूल डाव्या बाजूने झिजले होते. समोर, उजवीकडे, मातीच्या जमिनीत टाच टेकून टेकून खळगा पडला होता. वस्तादांचा उजवा पाय गुडघ्यात पुरता वाकत नसे. नऊ वर्षे हे रोज डोळ्यांसमोर होते. उंच खुर्चीत तो पाय अधांतरी राहिला असता. शिष्याला स्वतःची लाज वाटली, आणि आपण रुसलो होतो याची त्याहून अधिक.

त्याने करवत आणली. स्टुलाशी माप जुळवून खुर्चीचे चारही पाय कापले. खुर्चीचा उजवा हात काढून टाकला, म्हणजे पाय बाजूला लांब करता येईल. कागद फाडला आणि खुर्ची नेमकी त्या खळग्यामागे ठेवली.

वस्ताद जेवून आले. बसले. उजवी टाच आपसूक खळग्यात गेली. त्यांनी पाठ टेकली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने विचारले,

"दसरा किती दिवसांवर आलाय म्हणालास?"

शिष्य वाकला आणि त्याने त्या लांब केलेल्या पायावर डोके ठेवले.