चटका बसूनही केलेली सही

वऱ्हाडातल्या एका गावात डोमाजी नावाचा गवंडी होता. भर उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला, की त्या घराची सारी कुंडली त्याला कळे.

एका वर्षी उन्हाळ्याआधी गावात सरकारी योजना आली. एकच घर निवडायचं आणि कमी विजेत गार राहील असं दुरुस्त करून दाखवायचं. ते जमलं, तर पुढच्या वर्षी पत्र्याच्या चाळीस घरांना तीच दुरुस्ती मिळणार होती. गावातला जाणता गवंडी म्हणून घर निवडून कागदावर सही डोमाजीने करायची होती.

त्याने यमुनाचं घर हेरलं. मातीच्या हातभर जाड भिंती, पश्चिमेला कडुनिंब. वाईट काय तो वरचा पत्रा. त्याच्यावर चुना मारला आणि आतून छत घातलं, की काम झालं. घरात यमुनाचं दोन महिन्यांचं बाळ होतं.

पण सरपंच बळवंतरावांनी डोमाजीला आपल्या नव्या घरी नेलं. ते घर म्हणजे नुसता तोरा. पातळ भिंती, पश्चिमेला ही मोठी काच, आणि रस्त्यावरून घर दिसावं म्हणून दोन जुने कडुनिंब तोडलेले. सावली स्वतः तोडायची आणि गारवा सरकारकडे मागायचा!

"सायेब लोक पाहाले येतीन. त्याईले काय यमुनाचं खोपटं दाखवतं?" सरपंच म्हणाले. "अन् पंचायतीची कामं तुले पाहिजेत ना?"

डोमाजीने भिंतीवर तळहात ठेवला. चांगलाच चटका बसला. तो मनातल्या मनात संतापला आणि सही करून मोकळा झाला.

योजनेचं सगळं सामान त्या घरात जिरलं. मे महिन्यात साहेब आले. त्यांनी आत तापमापक टांगला, तर घराची भट्टी ती भट्टीच. 'या गावात उपयोग नाही,' असं लिहून ते निघून गेले. चाळीस घरं तापतच राहिली.

डोमाजीचं डोकं फिरलं. सरपंचाला शिव्या देत तो यमुनाच्या दारात आला. तापलेल्या पत्र्याखाली घामोळ्यांनी लाल झालेल्या बाळाच्या अंगावरून ती ओलं फडकं फिरवत होती.

"त्या बळवंतरावानं गावाचं वाटोळं केलं," डोमाजी म्हणाला.

यमुनाने मान वर केली नाही. "भाऊ, सरपंचाले भिंतीतलं काय समजते? तुमाले समजत होतं."

डोमाजीचा हात तिच्या भिंतीवर टेकला होता. भिंत गार होती.

तात्पर्य: दुरुस्तीला घर निवडावं ते सुधारण्याजोगं, मिरवण्याजोगं नव्हे, आणि हे ज्याला कळतं त्यानेच भिऊन सही केली, तर पुढे संतापण्याचा हक्क त्याला उरत नाही.