पांढऱ्या ओढ्यातली लग्नं

तुमच्यासमोर हे पाणी वाहतंय ना, त्याला आम्ही चेमे स्पी म्हणतो, म्हणजे पांढरा ओढा. वरच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून येतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही पाय बुडवला की गारठा हाडापर्यंत जातो. तरी मधोमध तळाचे दगड बघा, कसे सपाट आणि गुळगुळीत झालेत. शहरातले पाहुणे म्हणतात, पाण्यानं झिजले. झिजले असतील थोडे. पण आम्ही गुंदेआवचे लोक म्हणतो, नाचून झिजले. आमच्याकडे लग्न अंगणात लागत नाही. या ओढ्यात, गुडघाभर पाण्यात लागतं. बसा, का ते सांगते. मी झेरीखान. माझ्या आजीनं मला जसं सांगितलं, तसंच सांगणार आहे.

तेव्हा गुंदेआव हे एकच गाव होतं, असं सांगतात. अर्धी घरं या काठावर, अर्धी त्या काठावर, मध्ये अक्रोडाच्या दोन ओंडक्यांचा साकव. या काठावर हेमोची पाणचक्की होती. हेमोची बायको लवकर वारली होती. त्याला एकच मुलगी, खझाल. पलीकडे मेंढपाळांची वस्ती. तिथं बीशार राहायचा. त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली, म्हणून त्याच्या विधवा आत्यानं, सेवेनं, त्याला लहानाचा मोठा केला. खझाल आणि बीशारचं लग्न पानगळीच्या दिवसांत ठरलं. दोन्ही काठांवर साखर वाटली गेली. बर्फ उतरलं की बार उडवायचा, असा शब्द झाला.

बर्फ उतरायच्या आत नकाशेवाले आले. दूर कुठेतरी मोठी लढाई संपली होती म्हणे, आणि आमचे डोंगर कधीही न पाहिलेल्या माणसांनी कागदावर एक रेघ ओढली होती. ती नेमकी आमच्या ओढ्यातून गेली. शिपायांनी साकव तोडला. दोन्ही काठांवर दोन वेगळ्या रंगांचे गणवेश उभे राहिले.

या काठावरच्या कप्तानानं गावाला रांगेत उभं केलं आणि वही उघडून विचारलं, "तुम्ही कोण?"

"कुर्द," हेमो म्हणाला.

"तसा रकाना नाही. या काठाचे की त्या काठाचे, एवढंच लिहायचंय."

"मग माझी चक्की कशी लिहाल, साहेब? जातं या काठावर आहे, पाण्याचा पाट त्या काठाकडून येतो."

लोक हसले, पण हसू फार टिकलं नाही. कप्तानानं हुकूम वाचला. कुणी दुसऱ्या काठावर पाऊल ठेवायचं नाही. रोज सूर्य मावळताना डोकी मोजली जातील. एक जरी कमी भरलं, तरी सगळं गाव उठवून दूरच्या मैदानात नेऊन टाकू. आमची नावं त्याला लिहिता येत नव्हती, म्हणून त्यानं नुसता आकडा लिहिला: एकशे तेरा. पलीकडच्या काठावरही तसाच हुकूम, तशीच मोजणी.

बीशार रोज मेंढ्या पाण्यावर आणायचा आणि उभा राहायचा. खझाल लोकर धुवायच्या निमित्तानं यायची. एवढ्या अंतरावरून काय बोलणार? तोंड उघडलं की एक शिपाई या काठावरून खेकसायचा, एक त्या काठावरून. शेवटी एक दिवस खझाल सरळ कप्तानासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, हा काठ तुमचा, तो काठ त्यांचा. पाणी कुणाचं?"

कप्तानानं नकाशा पाहिला. "रेघ पाण्याच्या मधून जाते."

"मध्य कुठे आहे, तेवढं दाखवा. मी तो ओलांडणार नाही."

कप्तानानं पाण्यात खांब रोवायला लावला. वितळत्या बर्फाचा लोंढा तो. दुपारपर्यंत खांब वाहून गेला. दुसरा रोवला, तोही गेला. तिसरा तर शिपायालाच घेऊन निघाला होता. त्याला मेंढपाळांनी ओढून काढलं. कप्तान वैतागला. "हुकुमात काठ लिहिलेत," तो म्हणाला. "पाण्यात उभं राहायची मनाई लिहिलेली नाही. उभे राहा, आणि गारठून मरा!"

एवढं पुरे होतं. नवरोझ, म्हणजे आमचं नवं वर्ष, उजाडलं आणि त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी खझाल लाल शेला पांघरून पाण्यात उतरली. पलीकडून बीशार उतरला. मागोमाग दोन्ही काठ रिकामे झाले. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, सगळे. मुल्लाला एका खडकावर उभं केलं, कारण त्याचे गुडघे दुखायचे. ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर घेऊन वाजवला. करंगळीत करंगळी अडकवून लोक गोल धरून नाचू लागले. गोल फिरायला लागला, तसे या काठाचे त्या बाजूला गेले आणि त्या काठाचे या बाजूला आले. शिपायांनी बंदुका रोखल्या होत्या, पण कुणावर रोखायच्या, तेच त्यांना कळेना. पाण्याची थंडी कुणाला लागली नाही, असं म्हणतात. आजी म्हणायची, लागली, चांगलीच लागली, म्हणून तर एवढे जोरात नाचले!

मग सूर्य कलला आणि दोन्ही काठांवर शिट्ट्या वाजल्या.

खझाल बीशारचा हात धरून पलीकडे निघाली, आणि चार पावलांवर थबकली. ती त्या काठावर गेली तर या काठावर एकशे बारा भरणार होते. लग्न लागलं होतं, पण तिच्यापायी गाव उठणार होतं. तिनं हात सोडला आणि बापाकडे पाहिलं. ढोल थांबला.

तेव्हा सेवे पुढे आली. तिनं बीशारच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि खझालला म्हणाली, "तू जा, पोरी. याला ताकात मीठ जास्त लागतं, लक्षात ठेव."

आणि ती या काठाकडे चालू लागली. जन्मात न सोडलेलं घर, हातांनी वाढवलेला मुलगा पाठीमागे ठेवून ती पाण्यातून वर आली आणि रांगेच्या टोकाला उभी राहिली.

कप्तान मोजत आला. एकशे अकरा, एकशे बारा. शेवटच्या डोक्यापाशी तो थांबला. काल तिथं काळ्याभोर वेण्यांची मुलगी होती. आता पांढऱ्या केसांची, थंडीनं कुडकुडणारी बाई होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या लाल शेल्याकडे पाहिलं, असं सांगतात.

"एकशे तेरा," तो म्हणाला. "बरोबर आहे." आणि त्यानं वही मिटली.

हेमोनं आपली मेंढीच्या कातड्याची बंडी सेवेच्या खांद्यावर टाकली आणि तिला चक्कीच्या उबेला नेलं. दुसऱ्या दिवसापासून सेवे रोज सकाळी काठावर येऊन ओरडायची, "बीशार, जेवलास का?" आणि पलीकडून दोन आवाज यायचे, "जेवलो, आत्या!" पुढच्या वसंतात चक्कीवाला हेमो आणि सेवे याच ओढ्यात लग्नाला उभे राहिले. खझालनं आपलं तान्हं बाळ पाण्यातूनच सेवेच्या हातात दिलं. त्या दिवशी कप्तानानं बूट काढून पाय पाण्यात सोडले होते म्हणे. काही जण तर म्हणतात, तो नाचला. मी तेवढं सांगत नाही.

शिपायांचे गणवेश कितीदा तरी बदलले. रेघ मात्र कागदावर आहे तिथंच आहे. आणि आजही गुंदेआवात लग्न पाण्यातच लागतं. नवरी पलीकडे गेली की नवऱ्याकडचं एक माणूस नवरीच्या घरी येऊन आठ दिवस राहतं. त्याला आम्ही 'सेवे' म्हणतो, मग तो मिशीवाला बाप्या असला तरी. नवरीची आई त्याला असं खाऊपिऊ घालते, की सेवे कुणी व्हायचं यावरून घराघरांत भांडणं होतात. गेल्या वसंतात माझ्या नातवाचं लग्न झालं. त्या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही, मीच गेले. आठ दिवसांसाठी गेले होते. बाविसाव्या दिवशी मुलगा काठावर येऊन हाका मारायला लागला, तेव्हा परत आले.