फोनमधली बाई

"तिच्यापेक्षा मी वाईट वाचतो का, महाराज?"

भाऊमहाराज मठात चटईवर बसले होते. प्रश्न विचारणारा त्र्यंबक समोर ताठ बसला होता.

'ती' म्हणजे कोणी बाई नव्हती. महाराजांच्या फोनमधला आवाज होता तो.

महाराजांची दृष्टी गेली तेव्हापासून, नऊ वर्षं, त्र्यंबक त्यांना रोज सकाळी वाचून दाखवत असे. पुस्तक एकच, महाराजांच्या गुरूंची छापील रोजनिशी. त्र्यंबकचा आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. कुठे थांबायचं, कुठे चढवायचं, हे त्याला नेमकं कळे. हळूहळू गावातली माणसंही मठात ऐकायला येऊ लागली. काहींचे डोळे पाणावत. ते पाणावले की नाही, हे त्र्यंबक पान उलटताना हळूच पाहून घेई.

मग एक दिवस महाराजांचा रक्तदाब तपासायला आरोग्यकेंद्रातल्या वत्सलाताई आल्या. त्यांनी महाराजांच्या फोनमध्ये तीन-चार अ‍ॅप घालून दिली. सगळी फुकट. एक वेळ सांगणारं, एक औषधाची आठवण करणारं. आणि एक असं, की फोन पुस्तकावर धरला की पान वाचून दाखवणारं.

महाराज लहान मुलासारखे हरखले. दुसऱ्या दिवसापासून ते त्या बाईचं ऐकू लागले.

बाई वाचायची सपाट. 'ज्ञान' म्हणताना अडखळायची. वाक्य अर्ध्यावर आलं की मध्येच पानाचा आकडा सांगायची. त्र्यंबक दाराशी उभा राहून तिच्या चुका मोजायचा. महाराज मात्र मान हलवत ऐकत. त्याच्या वाचनाला त्यांनी कधी अशी मान हलवल्याचं त्याला आठवेना.

त्याला जेवण गोड लागेना. ज्या आवाजाला गळा नाही, श्वास नाही, त्याच्यावर आपण जळतो आहोत हे त्याला कळत होतं. त्याने तो जास्तच जळत होता.

एका दुपारी महाराज आडवे झालेले असताना त्याने ते अ‍ॅप काढून टाकलं. सकाळी महाराजांनी विचारलं, तेव्हा फोन बिघडला असेल म्हणाला.

आता ते आपल्याला वाचायला सांगतील, म्हणून तो पुस्तक घेऊन बसला. महाराजांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही ते नुसतेच बसून राहिले...

आणि चौथ्या दिवशी त्याच्या तोंडून तो प्रश्न निघाला.

"फोन बिघडला नव्हता," त्याने खाली बघत सांगितलं. "मीच काढलं ते."

"माहीत आहे."

"मग रागावला का नाहीत?"

महाराजांनी चाचपडत फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"परत घाल."

त्र्यंबकने अ‍ॅप शोधलं. बोट ठेवलं. ते उतरायला जेमतेम मिनिट लागलं, पण तेवढ्यात त्याचे कान तापले.

तो उठून दाराकडे निघाला. महाराज चटईवर थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी रिकाम्या जागेवर हाताने थोपटलं.

तो बसला. महाराजांशेजारी, ऐकणाऱ्याच्या जागी, तो पहिल्यांदाच बसत होता.

बाई वाचू लागली. सुरुवातीला त्र्यंबक मनातल्या मनात तिचे उच्चार सुधारत राहिला. इथे थांबायला हवं होतं, इथे आवाज उतरवायला... मग ते सुधारणंही थकलं.

बाईने त्याच सपाट आवाजात वाचलं, "आज कोणी आले नाही. म्हणून स्वतःकडेच गेलो, तर तोही घरी नव्हता."

पानाचा आकडा सांगून ती थांबली.

 हे पान त्र्यंबकने शंभरदा तरी वाचलं असेल. याच ओळीवर तो आवाज खाली आणत असे, आणि समोर कोणीतरी हमखास डोळे पुसत असे.

त्याने महाराजांकडे वळून विचारलं, "महाराज... हे यात आधीपासून होतं?"

"होतं की," महाराज म्हणाले. "पण तू वाचत होतास."