विसाव्यावरची उभी सभा

शहराचा डांबरी रस्ता तांबसवाडीच्या वेशीबाहेर जिथे एकाएकी संपतो आणि जिल्हा परिषदेचा खडीचा रस्ता सुरू होतो, तिथे एक बुटका काळा धोंडा आहे. त्याला विसावा म्हणतात. गावातून नदीकाठच्या स्मशानाकडे निघालेली तिरडी इथे घटकाभर टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि पुढे निघायचे, अशी जुनी रीत. पण बाहेरची माणसे येतात ती काही धोंडा पाहायला नव्हे. वैशाखात एक दिवस इथे महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांची मिळून सभा भरते, ती पाहायला येतात.

या सभेला मांडव नसतो, सतरंजी नसते, चहासुद्धा नसतो. महापौर उभे, अध्यक्ष उभे, आयुक्तसाहेब या पायावरून त्या पायावर. मधोमध दोन लांब बांबूंवर धान्याची पोती बांधलेली असतात. तीन टोके गावकरी धरतात, चौथे टोक बोलणाऱ्याचे. ज्याला काही सांगायचे असेल त्याने त्याखाली खांदा द्यायचा. खांदा आहे तोवर बोलायचे, काढला की गप्प बसायचे. बसायचे म्हणजे उभेच राहायचे. एरवी माईक हाती आला की सोडवत नाही अशी माणसे इथे दोन वाक्यांत मुद्द्यावर येतात. नवे बदलून आलेले अधिकारी पहिल्या वर्षी घडीची खुर्ची घेऊन येतात. ती गाडीतच राहते.

ही रीत कशी पडली, ते गावात कुणालाही विचारा. जो तो थोडे निराळे सांगेल, पण अंजिराबाई कुंजीर हे नाव सगळ्यांच्या तोंडी येईल.

अंजिराबाई ही तांबसवाडीची शेवटची सरपंच. तिच्या काळात शहर पसरत पसरत गावाच्या उंबऱ्याशी आले आणि एका सरकारी आदेशाने गाव महानगरपालिकेत गेले. गेले म्हणजे अर्धेच गेले. शहराला घरे हवी होती, कारण घर म्हटले की घरपट्टी आली. नदीकाठ मात्र नको होता, कारण तिथे दर पावसाळ्यात पूर. जिल्हा परिषदेला नदीकाठ हवा होता, कारण तिथे वाळू. दोघांच्या मनासारखे झाले, असे क्वचितच होते. हद्द थेट विसाव्याच्या धोंड्यावरून गेली. जिवंत माणसे शहरात राहिली आणि त्यांचे स्मशान जिल्ह्यात.

हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते, असे सांगतात. अंजिराबाईच्या मात्र आले होते. ती आधी पालिकेत गेली, मग जिल्हा परिषदेत, मग पुन्हा पालिकेत. एकाने सांगितले, तुमच्या गावाला आता शहराचे स्मशान आहे, नळ आहे, शेड आहे, नदीकाठ कशाला हवा? दुसऱ्याने सांगितले, आमच्या हद्दीतले स्मशान आमच्या गावांसाठी, शहराची मढी आम्ही घेणार नाही. दोघेही तिला खुर्ची देत. बसा वहिनी, म्हणत. ती बसली की पाणी येई, पाण्यामागून चहा येई, आणि चहा संपेपर्यंत साहेबांची वेळ संपलेली असे. अशाने घोंगडे भिजत पडले.

आणि तिला घाई होती. तिचा नवरा सावळाराम अंथरुणाला खिळला होता. या दोघांना एकच लेक झाली होती, मुक्ता. ती लहानपणीच तापाने गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सावळारामाने स्वतःच्या हाताने तिला नदीकाठी करंजाच्या झाडाखाली ठेवले होते. त्यानंतर तो कधी कुणाकडे काही मागायला गेला नाही. आजार वाढल्यावर मात्र त्याने बायकोचा हात धरला.

“मला पोरीजवळच न्या,” तो म्हणाला. “लई दिस एकली हाय ती.”

“न्हेईन,” अंजिराबाई म्हणाली. एवढाच त्यांच्यातला शब्द.

वैशाखातल्या एका सकाळी सावळाराम गेला. पाहुणे जमेपर्यंत दुपार कलली. अंजिराबाईने डोळे कोरडे ठेवले. घरात रडारड चालली होती आणि ती अंगणातून दारात, दारातून रस्त्यावर अशी येरझारा घालत होती. तिला माहीत होते, आज अडवणार. दिवस मावळल्यावर अग्नी द्यायचा नाही ही गावाची रीत, आणि सकाळपर्यंत थांबावे तर पालिकेची शववाहिका दारात येऊन उभी राहणार. एकदा का तो शहराच्या स्मशानात गेला की तिचा शब्द गेला. हे तिला सावळारामाच्या जाण्याहून जड वाटत होते. तसे वाटावे याची तिला लाजही वाटत होती.

तिरडी निघाली. विसाव्यापाशी पलीकडच्या अंगाला जिल्हा परिषदेचे सदस्य विश्वासराव ढोणे माणसे घेऊन उभे होते. अलीकडे पालिकेचे नगरसेवक मधुसूदन बेलसरे जीपमधून उतरत होते. निवडणूक तोंडावर होती, नाहीतर दोघे एका मर्तिकाला इतक्या वेळेवर आले नसते, असे गावातले लोक अजून म्हणतात.

खांदेकरी रिवाजाप्रमाणे धोंड्याजवळ वाकू लागले, तशी अंजिराबाई पुढे झाली.

“थांबा. टेकवू नका.”

“अगं, विसावा आहे,” तिची जाऊ कुजबुजली.

“म्हणूनच न्हाई टेकवायचं. येकदा का खाली ठेवलं की हे म्हणतील, असू द्या घटकाभर, बैठक घेऊ. मी लई बैठका पाहिल्यात यांच्या. खांद्यावर हाय तवर निकाल लागंल.”

असे घडले नव्हते कधी. खांदेकरी तसेच उभे राहिले. ऊन तिरपे झाले होते, खाली फुफाटा तापलेला. मागचे बदलीला येत, पुढचे बाजूला होत, पण तिरडी जमिनीला लागू दिली नाही.

बेलसऱ्यांनी हात जोडून सुरुवात केली. सावळारामाचे गुण सांगितले, ते त्यांना ठाऊक नव्हते. मग शहराच्या विकासाचा विषय काढला. तांबसवाडी आता महानगराचा भाग आहे, इथल्या नागरिकाला महानगराच्याच सोयी मिळाल्या पाहिजेत, मागासलेल्या नदीकाठी त्याला जाळावे लागणे हा अन्याय आहे, असे ते म्हणाले. ते संपताच ढोण्यांनी घसा साफ केला. शहराने आमची गावे गिळली, आमचे पाणी पळवले, आता मढीही आमच्याच दारात टाकणार काय, असे ते म्हणाले. दोन्हीकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मर्तिकात टाळ्या! अंजिराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती सूर्याकडे बघत होती. तो नदीपलीकडच्या टेकडीकडे सरकत चालला होता आणि बोलणे संपत नव्हते. तिने पदर खोचला आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“बोलायचं तर खांदा देऊन बोला,” ती म्हणाली.

“वहिनी, अहो, आम्ही मार्गच काढतोय ना?” बेलसरे म्हणाले.

“मग खांद्याखाली येऊन काढा. माझ्या मालकाला खांदा द्यायला न्हाई म्हणता काय? म्हणा तसं सगळ्यांम्होरं.”

मेलेल्याला खांदा द्यायला नाही म्हणायचे, तेही शेकडो मतदारांसमोर! बेलसऱ्यांनी टोपी सारखी केली आणि तिरडीच्या पुढच्या डाव्या अंगाला खांदा लावला. पुण्य एकट्याच्याच पदरात कसे जाऊ द्यायचे, म्हणून ढोणे उजव्या अंगाला आले. मागे सावळारामाचा पुतण्या नामदेव आणि भावकीतला एकजण. आणि पुढच्या त्या दोघांना अंजिराबाईने पुन्हा बदलू दिले नाही.

पुढचे जे सांगतात ते खरे किती आणि वाढवलेले किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. सावळाराम आजाराने पार काडी झाला होता. लहान मुलाने उचलावा एवढाच उरला होता. पण बेलसरे म्हणाले, “हा विषय मी पुढच्या सर्वसाधारण सभेत घेतो,” आणि त्यांच्या बाजूची तिरडी एकदम खाली खचली म्हणे. ते कसेबसे सावरले. ढोणे म्हणाले, “आधी शासनाचं मार्गदर्शन मागवावं लागंल,” आणि त्यांची बाजू जड झाली. मग चालढकलीचा जो जो शब्द निघाला त्या त्या शब्दागणिक ओझे वाढत गेले. समिती म्हटले की वाढले. पाहणी म्हटले की वाढले. बेलसऱ्यांचा सदरा पाठीला चिकटला, ढोण्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू लागला. पायांखालची खडी करकरत होती. कुणी हसले नाही. नामदेव पुढे पुष्कळ वर्षे सांगत असे, मागे आम्हाला फुलासारखं लागत होतं.

“ढोणेसाहेब,” बेलसरे धापा टाकत म्हणाले, “तुम्ही परवानगी दिलीत तर पालिकेची हरकत नाही.”

“तुमी पत्र द्या, मग मी देतो.”

तिरडी पुन्हा खचली. दोघांचे गुडघे वाकले. दोघांनी एकाच वेळी धोंड्याकडे पाहिले, आता टेकवू या म्हणून. अंजिराबाई धोंड्याकडे पाठ करून आडवी उभी होती.

“सरपंचबाई, जरा तरी...” ढोणे म्हणाले.

“दिस चाललाय,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “तुमच्यातल्या कुणाचं पोर नदीकाठी असतं तर? माझं हाय. तिथं बाप जायचाय तिचा. तुमची हद्द तुमी उद्या भांडा, परवा भांडा, जल्मभर भांडा. मला आज जाऊ द्या.”

ओझे घेऊन नुसते उभे राहण्यापेक्षा चालणे सोपे असते, हे ज्याने वाहिले आहे त्याला कळते. दोघांपैकी कुणीतरी “चला” म्हणाले. कोण म्हणाले, यावर आजवर एकमत नाही. शहराची माणसे म्हणतात ढोणे म्हणाले, जिल्ह्याची म्हणतात बेलसरे. एरवी प्रत्येक गोष्ट मीच केली म्हणणारी ही माणसे, पण हा शब्द दोघांनी जन्मभर एकमेकांवरच ढकलला. हद्द सोडल्याचा बोल लागेल अशी दोघांनाही भीती. पाय मात्र दोघांचे एकदमच उचलले गेले. बेलसरे हद्द ओलांडून पलीकडे गेले, ढोण्यांची माणसे वाट देत बाजूला झाली, आणि तिरडी खडीच्या रस्त्याने नदीकडे उतरू लागली. तिथून पुढे ती हलकी झाली म्हणे.

अंजिराबाई जागची हलली नाही. गावच्या बायका विसाव्यापर्यंतच येतात, पुढे जात नाहीत. सरपंच असली तरी ती रीत तिने मोडली नाही. तिथून स्मशान दिसत नाही, मधे बाभळींचे रान आहे. सूर्य टेकडीला टेकला होता. पोहोचले असतील का? सरण आधीच रचलेले होते, पण वेळ लागतो, तोंडात पाणी घालायचे असते, मडके फोडायचे असते. ती टाचा उंचावून बघे, दोन पावले पुढे जाई, मागे येई. तिची जाऊ म्हणाली, बस गं जरा धोंड्यावर, सकाळपासून उभी आहेस. ती बसली नाही. बेलसऱ्यांचा ड्रायव्हर जीपमधून पाण्याचा तांब्या घेऊन आला, तो तिने परत पाठवला. बायकाही तिच्याबरोबर उभ्या राहिल्या.

टेकडीवर सूर्याची नुसती कड उरली होती, तेव्हा बाभळींवरून धूर वर आला. काही जण सांगतात, ती कड तिच्यासाठी बराच वेळ तशीच थांबली. वैशाखातला दिवस मोठा असतो, एवढे आपण म्हणू.

धूर दिसला आणि अंजिराबाई बसली. धोंड्यावर नाही, तिथेच खाली, तापलेल्या मातीत. आणि रडली. सकाळपासून ती सरपंच होती, भांडत होती, वेळ बघत होती. सावळाराम गेला हे तिला आता कुठे कळले. मोठ्याने, छाती पिटून, नाव घेऊन ती रडली, आणि भोवतालच्या बायका तिच्याजवळ मातीत बसल्या. अग्नी देऊन पुरुष परतले, बेलसरे आणि ढोणेही परतले, तरी ते रडणे चालूच होते. ती बाई उठल्याशिवाय पुढे जायचे धाडस दोघांनाही झाले नाही. तेही बसले, परीटघडीच्या धोतरासकट. कुणाकडे कुणी पाहत नव्हते.

पुढे स्मशान पालिका आणि जिल्हा परिषद यांचे मिळून झाले, तसा ठराव दोन्ही सभागृहांनी केला, आणि दोघांच्या मधला तंटा इथेच येऊन मिटवायचा असे गावाने ठरवून दिले. आता विषय निराळे असतात. शहराचा कचरा कुठे टाकायचा, धरणाचे पाणी किती कुणाचे, रस्ता कुणी करायचा. खांद्याला पोती लागली की विषय लवकर संपतात, निदान इतर ठिकाणापेक्षा लवकर.

आजही शेवटचा निर्णय झाला की पोती उतरवतात आणि सारी सभा जिथल्या तिथे जमिनीवर बसते, महापौर, अध्यक्ष, आयुक्त, शिपाई, सगळे नदीकडे तोंड करून. कुणी बोलत नाही. बऱ्याच वेळाने एखादा नवा अधिकारी घड्याळाकडे बघतो आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईला हळूच विचारतो, सगळे ठरले ना, मग आता आपण कशासाठी थांबलो आहोत?

“बसा वाईच,” ती सांगते. “अंजिराबाईचं रडून होऊ द्या.”