डोळे झाकलेला राखणदार

एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळं भरलं की बांधाचं दार उघडावं लागे, नाहीतर पाणी थेट कुंभारवाड्यात शिरे. हे दार उघडायचं काम गावाने संगणकावर सोपवलं होतं. त्याच्या सगळ्या फाइली एका कोठीत असत आणि ती कोठी गोदाक्का सांभाळायची.

कोठीवर एक राखणदार बसे. फाइलीत टिंब जरी बदललं, तरी तो ओरडून सांगे. फाइलीला चालायची परवानगी मिळाली किंवा गेली, तर तेही सांगे आणि कोठीत तशी नोंद करी. नोंद नसली, तर फाइल कोठीतून पुढे परवानगीशिवायच जाई. गोदाक्का सगळं तपासणार, मगच फाइल आत घेणार, अशी गावाची रीत.

त्याच गावात झुंजारराव नावाचा एक उतावळा कारागीर होता. त्याने दार उघडणारी नवी फाइल लिहिली. चालवायला गेला, तर संगणक म्हणाला, "परवानगी नाही."

आता भल्या माणसा, त्या एका फाइलीला परवानगी द्यावी की नाही? छे! या पठ्ठ्याने आपल्या संगणकावरच्या यच्चयावत फाइलींना सगळ्या परवानग्या वाटून टाकल्या आणि सगळं गाठोडं कोठीवर आणलं.

झालं! राखणदार बोंबलायला लागला. "ही बदलली! ती बदलली! ती पलीकडचीही बदलली!"

बिचारी गोदाक्का एकेक फाइल उघडून बघत बसली. कुठे एक अक्षर बदललेलं नाही. तिचं डोकं उठलं.

"झुंजार, हे काय मांडलंयस रे?"

"अक्का, तुमचा राखणदारच खुळा आहे. परवानग्यांकडे बघू नकोस म्हणावं त्याला. बसेल गप्प."

"त्यापेक्षा तू वाटलेल्या परवानग्या परत घे की!"

"आत्ता? तळं काठोकाठ आलंय, अक्का!"

गोदाक्काला हे पटलं नव्हतं. पण त्या ओरडण्याने ती इतकी किटली होती, की म्हणाली, "कर बाबा, काय करायचं ते कर!"

राखणदार गप्प झाला. आता नवी फाइल तेवढी समोर आली. गोदाक्काने वाचली, तर अगदी चोख. ती कोठीत गेली आणि तिथून बांधावरच्या संगणकावर.

पहाटे तळं भरलं. बांधावरचा संगणक म्हणाला, "परवानगी नाही." दार जागचं हललं नाही. गोदाक्का धावत गेली, त्या एका फाइलीला परवानगी दिली आणि दार उघडलं. पण तोवर पाणी कुंभारवाड्यातून फिरून आलं होतं.

"मेल्या," ती कोठीवर येऊन राखणदारावर कडाडली, "फाइल परवानगीशिवाय आत आली, हे सांगितलं का नाहीस?"

"परवानग्यांकडे बघू नकोस, असा तुमचाच हुकूम होता. मी नाही बघितलं."

तेवढ्यात सरजा कुंभारीण आत आली. तिने चिखलाचा गोळा टेबलावर ठेवला.

"अक्का, आज भट्टी लावायची होती. यातला रांजण कुठला आणि पणती कुठली, तेवढं सांगा."

गोदाक्काने मान खाली घातली आणि आधी राखणदाराचे डोळे उघडले. झुंजाररावाने वाटलेल्या परवानग्या निमूट परत घेतल्या. मग धोतर खोचून तो सरजाच्या अंगणात माती तुडवायला गेला.

तात्पर्य: परवानगी ज्याला लागेल त्यालाच आणि लागेल तेवढीच द्यावी. आणि ओरडण्याचा कितीही वैताग आला, तरी राखणदाराचे डोळे झाकू नयेत.