पेसमेकर आणि पाठीतला पाहुणा

अगदी परवापरवापर्यंत अनसूयाक्कांच्या छातीत पेसमेकर एकटाच राहायचा. हृदय थबकलं की ठोका द्यायचा, नाहीतर गप्प बसायचा.

मग कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी अक्कांच्या पाठीत दुसरं यंत्र बसवलं. हा पाहुणा सारखा टकटक करी. ती टकटक हृदयाचीच वाटून, “हृदय झकास चाललंय!” असं समजून पेसमेकर स्वस्थ बसला. एके दिवशी खरं हृदय थबकलं, तरी त्याला कळलं नाही आणि भाकरी थापता थापता अक्का कोसळल्या.

पाहुणा घाबरून थांबला. छातीत सामसूम! पेसमेकरने भराभर ठोके दिले, तेव्हा कुठे अक्कांनी डोळे उघडले.

“दादा, मी आता कायमचा गप्प बसतो,” पाहुणा रडवेला झाला.

“मग अक्कांची कंबर कोण सांभाळणार? तू फक्त हळू बोल. मीही हृदयाचा आवाज नीट ओळखायला शिकतो.”

दुसऱ्या दिवशी अक्कांनी भाकऱ्यांची चळत रचली. पाठीत हलकी टकटक चालू होती. पेसमेकर गप्पच होता, पण कान हृदयाकडे लावून.